खवीस, हवेली आणि हाजरी

भुताखेतांच्या गोष्टी आणि भयपट यांना आपल्याकडे तीन दरबारांत शिक्षा झालेली आहे. धर्मपंडितांच्या दरबारात त्या वेळेचा अपव्यय ठरल्या. सुधारकांच्या दरबारात त्यांच्यावर अंधश्रद्धेच्या प्रसाराचा आरोप आला. साहित्याच्या दरबारात तर त्यांना पायरीपाशीच थांबवण्यात आले. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांची पुस्तके मराठी माणसाने वाचनालयातून नेऊन पाने सुटी होईपर्यंत वाचली. पण वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना किती पाने मिळाली ते पाहिले, की आवड आणि प्रतिष्ठा यांच्यातील अंतर लक्षात येते.

तरीही लोक घाबरायला जातात, पैसे देऊन जातात, घाबरून झाल्यावर हसत बाहेर येतात. कोट्यवधी माणसे पिढ्यान् पिढ्या जे करतात त्याला केवळ अडाणीपणा म्हणून बाजूला सारणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभत नाही. समाज कशाला भितो यावरून त्याचा इतिहास वाचता येतो. या लेखात तो प्रयत्न करायचा आहे, आणि तो करताना मुस्लिम मराठी माणूस या भीतीच्या नकाशावर कुठे उभा आहे तेही पाहायचे आहे.

भुतांची जातव्यवस्था

कोकणातील भुतांची यादी मोठी आहे. वेताळ, समंध, मुंजा, हडळ, गिऱ्हा, झोटिंग, देवचार, लावसट, खवीस. विसाव्या शतकाच्या आरंभी या साऱ्यांची सरकारी पातळीवर नोंद झाली. ती माहिती जमवणारे ए. एम. टी. जॅक्सन म्हणजे १९०९ साली नाशिकमध्ये अनंत कान्हेरे यांच्या गोळीला बळी पडलेले कलेक्टर. त्यांनी ठिकठिकाणच्या शाळामास्तरांकडून मिळवलेली सामग्री आर. ई. एंथोवेन यांनी पुढे संकलित केली आणि १९१५ साली कोकणच्या लोकविद्येवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. एक इंग्रज अधिकारी राज्यकारभार करता करता गावोगावच्या भुतांची चौकशी करतो, आणि मास्तर मंडळी त्याला इमानेइतबारे उत्तरे लिहून पाठवतात, हे चित्रच मोठे बोलके आहे.

या यादीत भुते गावातील माणसांसारखीच वाटून दिलेली आहेत. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी मुलगा गेला, तर तो मुंजा. त्याचा मुक्काम पिंपळावर. वारस न ठेवता, धनावर जीव ठेवून मेलेला तो समंध. बाळंतपणात गेलेली स्त्री हडळ. बुडून मेलेला गिऱ्हा. म्हणजे भूत होण्याला कारण लागते, आणि ते कारण बहुधा सामाजिक असते. मुलगा लग्नाशिवाय गेला, बाई बाळंतपणात गेली, माणूस निपुत्रिक गेला. ज्या काळात बाळंतिणी मोठ्या संख्येने दगावत होत्या आणि त्यांची मोजदाद कोणी ठेवत नव्हते, त्या काळात गावाने हडळीच्या रूपाने ती मोजदाद ठेवली. जिवंतपणी जिच्या दुखण्याकडे कोणी पाहिले नाही, तिला मेल्यावर सगळे गाव भिऊ लागले. हा न्याय उशिराचा आणि उलट्या वाटेने आलेला आहे. पण न्यायाची आठवण त्यात आहे.

जात मात्र मेल्यावरही सुटत नाही. मुंज ज्यांच्यात होते त्यांच्यातूनच मुंजा निघतो. कोणते भूत नारळावर भागते, कोणत्याला कोंबडे लागते, याचेही नियम ठरलेले असतात. गावच्या पंगतीत जशी जागा, तशी स्मशानातही जागा.

या यादीत आपल्या ओळखीचा एक जण आहे. तो म्हणजे खवीस. अनेक ठिकाणी खवीस हे मुसलमानाचे भूत मानले जाते. शब्दही आपल्याच वाटेने आला आहे. अरबीतील 'खबीस', म्हणजे दुष्ट, अपवित्र. मराठीने तो घेतला आणि 'खविसासारखा काय बघतोस' असे म्हणण्याइतका घरचा केला. आज हा शब्द वापरणाऱ्या कित्येकांना त्याचे मूळ ठाऊकही नसते.

यात एक गंमत आहे. इस्लामी श्रद्धेप्रमाणे मेलेल्या माणसाचे भूत होत नाही. मृत्यूनंतर रूह बरज़खमध्ये असते, कयामतच्या दिवसापर्यंत तिथेच. पिंपळावर बसून वाटसरूला विडी मागण्याची तिला मुभा नाही. म्हणजे शरीयतीनुसार खवीस होणे अशक्य, आणि गावच्या रिवाजाप्रमाणे अटळ! मुसलमान माणूस आयुष्यभर गावात राहिला, त्याने लोहारकी केली, बागवानी केली, बैलांचा बाजार केला. मग मेल्यावर तोही गावच्या भुतांत दाखल झालाच पाहिजे, असे गावाने परस्पर ठरवून टाकले.

याचे दोन अर्थ लागतात आणि दोन्ही खरे आहेत. दुष्टतेचे नाव मुसलमानाच्या भुताला देणे यात परकेपणाची भावना आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वेताळाच्या पालखीत खवीसही चालतो, तो गावचाच असतो, त्याचे झाड ठरलेले असते, त्यालाही मान द्यावा लागतो. ज्याला गाव आपला मानत नाही, त्याचे भूतही गाव आपल्या यादीत घेत नाही. आज आपल्याला भिण्याची जी नवी तऱ्हा निघाली आहे तिच्यात झाड नाही, वेस नाही, मान नाही. फक्त भीती आहे. तिच्यापुढे जुना खवीस पुष्कळच माणसाळलेला वाटतो.

जिन्नात : भीतीतील अदब

मुस्लिम घरांत भुतांची जागा जिन्नातनी घेतली. कुरआनातील ७२ वी सूरह त्यांच्याच नावाची आहे. माणूस मातीपासून आणि जिन्न धूरविरहित ज्वालेपासून निर्माण झाला. त्यांच्यातही श्रद्धावंत आहेत आणि नाकारणारेही आहेत. म्हणजे जिन्न हा मेलेला माणूस नव्हे. तो जिवंत शेजारी आहे, फक्त दिसत नाही.

या एका फरकाने गोष्टींचा सूरच बदलतो. मगरीबनंतर नानी-दादी ज्या गोष्टी सांगत त्यांतील एक पुष्कळ घरांत ठाऊक असेल. मदरशात उस्ताद रात्री शिकवत असतात. धडा संपल्यावर ते एका शागिर्दाला दूरच्या कोनाड्यातील दिवा मालवायला सांगतात. मुलगा उठत नाही. बसल्या जागेवरून त्याचा हात लांब होत होत कोनाड्यापर्यंत जातो. उस्तादांच्या लक्षात येते, की इतके दिवस आपल्याकडे शिकायला कोण येत होता. या गोष्टीत रक्त नाही, किंकाळी नाही. दिवा मालवला जातो आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. शिवाय तो जिन्न कशासाठी आला होता? शिकायला! ज्या समाजात इल्मची एवढी मातबरी होती, त्याने भीतीच्या गोष्टीतही वर्ग भरवला.

गोष्टी सांगणाऱ्या बहुधा बायका होत्या, हेही लक्षात ठेवले पाहिजे. कोणत्या झाडाखाली केस मोकळे सोडून जायचे नाही, कोणत्या वेळी विहिरीवर थांबायचे नाही, ही त्यांची भीतीची संहिता होती. तिच्यात बाईवरचा पहारा होता, तसा बाईने बाईला दिलेला सावधगिरीचा इशाराही होता. अवेळी विहिरीवर कोण भेटू शकतो, हे उघड सांगता येत नसे. जिन्नाचे नाव घेऊन सांगता येत असे.

मराठी वाचकालाही या दुनियेची ओळख लवकर झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस गोष्टी मराठीत आणायला सुरुवात केली तो काळ एकोणिसाव्या शतकाचा. मराठीतील आरंभीची कादंबरी, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१), अद्भुताच्या वळणानेच लिहिली गेली. वास्तववाद आल्यावर हा प्रवाह गढूळ म्हणून वळवला गेला. तो आटला मात्र नाही. आधी मासिकांत आणि मग चित्रपटगृहात गेला.

शबनम महालाचा दिवा

हिंदी भयपटाचा खरा आरंभ १९४९ सालच्या 'महल'पासून मानतात. बॉम्बे टॉकीजची निर्मिती, कमाल अमरोहींचे पहिले दिग्दर्शन, जोसेफ विर्शिंग या जर्मन छायालेखकाची काळी-पांढरी जादू, आणि सोळा वर्षांची मुमताज जहाँ बेगम, म्हणजे मधुबाला. अलाहाबादजवळ यमुनेकाठी ओस पडलेला शबनम महाल. नवा मालक हरिशंकर (अशोककुमार) पावसाळी रात्री येतो आणि भिंतीवरचे जुन्या मालकाचे चित्र पाहून थक्क होतो, कारण चेहरा त्याचाच असतो.

तारीख पाहावी. १९४९. फाळणीला दोन वर्षे झालेली. उत्तर हिंदुस्थानात हजारो घरे मालकांविना उभी होती. कुणाच्या दिवाणखान्यात कुणी दुसरा राहायला आला होता; भिंतीवर आधीच्या माणसांच्या तसबिरी होत्या. निर्वासितांच्या मालमत्तेचा कायदा १९५० साली पक्का झाला. कमाल अमरोहींच्या मनात हे सारे होते, असा दावा करण्याची गरज नाही. पडद्यावर फाळणीचा उल्लेखही नाही. परंतु रिकामा महाल, नवा मालक, जुन्या मालकाचे चित्र आणि 'मी परत येईन' असे सांगून गेलेला माणूस, हे सारे १९४९ च्या प्रेक्षकाने कोणत्या डोळ्यांनी पाहिले असेल? जे बोलता येत नव्हते ते भुताच्या गोष्टीत बोलता आले.

त्या चित्रपटातील गाण्याने हे काम आणखी खोलवर केले. संगीत खेमचंद प्रकाश यांचे, शब्द नक्शब जारचवी यांचे. 'आयेगा आनेवाला' म्हणत आवाज दुरून येतो आणि जवळ येत जातो. त्यासाठी लता मंगेशकर खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनपर्यंत चालत आल्या, ही आठवण प्रसिद्ध आहे. पहिल्या तबकडीवर गायिकेचे नाव नव्हते, पडद्यावरील पात्राचे, कामिनीचे, नाव होते. हा आवाज कुणाचा, अशी विचारणा श्रोते रेडिओकडे करू लागले. म्हणजे हिंदी चित्रसंगीतातील सर्वांत मोठा आवाज लोकांपर्यंत पोचला तो एका भुताच्या नावाने! खेमचंद प्रकाश १९५० साली गेले. नक्शब पुढे पाकिस्तानात गेले. ज्याची वाट पाहायची त्याची गाणी मागे ठेवून माणसे निघून गेली.

'महल'चा शेवट मात्र विवेकाचा आहे. कामिनी भूत नसते. ती माळ्याची मुलगी आशा असते. महालाच्या जुन्या कहाणीवर तिने जीव लावलेला असतो आणि मालकाच्या जवळ जायला तिला भूत व्हावे लागते, कारण माळ्याची मुलगी म्हणून तिच्याकडे कोणी पाहिले नसते. पुढे 'बीस साल बाद' (१९६२), 'वो कौन थी' (१९६४) या चित्रपटांनीही ही तऱ्हा चालवली. पांढऱ्या साडीतील बाई शेवटी माणूस निघते. नेहरूंच्या काळातील भूत हे असे होते. तीन तास भिववायचे आणि अखेरीस कारण सांगायचे.

रामसे बंधू आणि कब्रस्तान

सत्तरच्या दशकात कारण सांगणे बंद झाले. कराचीत रेडिओचे दुकान असलेले फतेचंद रामसिंघानी फाळणीनंतर मुंबईत आले. त्यांचे सात मुलगे म्हणजे रामसे बंधू. कोणी लिहिले, कोणी दिग्दर्शन केले, कोणी कॅमेरा सांभाळला, कोणी ध्वनी, कोणी संकलन. वडिलांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' (१९७०) पडला. पण भयंकर मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूरांच्या प्रसंगाला थिएटरात लोक दचकतात, हे मुलांनी हेरले. त्यातून १९७२ साली 'दो गज़ ज़मीन के नीचे' निघाला. चमू बसमध्ये भरून महाबळेश्वरला न्यायचा, सरकारी विश्रामगृहात उतरायचे, तिथेच चित्रीकरण उरकायचे, असा घरगुती कारखाना.

नावाकडे पाहावे. 'दो गज़ ज़मीन' म्हटले की रंगूनमध्ये कैदेत मेलेला बहादुरशहा ज़फर आणि त्याच्या नावावर सांगितली जाणारी गझल आठवते. परमुलखात पुरला गेलेला बादशहा आणि परमुलखातून आलेले सिंधी कुटुंब यांची गाठ एका स्वस्त भयपटाच्या पाटीवर पडावी, हा योगायोग साधा नाही. ज्यांचे घर सुटले, त्यांनी आयुष्यभर सुटलेल्या घरांचीच गोष्ट सांगितली. 'पुराना मंदिर' (१९८४), 'वीराना' (१९८८), 'पुरानी हवेली' (१९८९), 'बंद दरवाज़ा' (१९९०), या नावांतच त्यांची सारी मालमत्ता आली. 'पुराना मंदिर'मधील सामरी हा शिर एकीकडे आणि धड दुसरीकडे पुरलेला राक्षस. पूर्वजांच्या वेळचा हिशेब नातवंडांकडून वसूल करणारा. जमीनदारी कायद्याने गेली होती. तिचे देणे पडद्यावर फिटत होते.

मुरूडच्या नवाबांचा राजवाडाही रामसेंच्या कॅमेऱ्यासमोर आला. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी समुद्रावर उभे केलेले जंजिरा संस्थान १९४८ साली विलीन झाले. ज्या वास्तूचा इतिहास शाळेच्या पुस्तकात दोन ओळींचा, तिला पडद्यावर भुताटकीच्या हवेलीचे काम मिळाले. इतिहासातून बाहेर काढलेल्या घरांना भयपटाने आसरा दिला, असे म्हणावे लागते.

एक गोष्ट मात्र मुस्लिम प्रेक्षकाला खटकते, आणि हसूही आणते. भयपटाला उठून यायला देह लागतो. चितेवर जळालेला माणूस उठणार कसा? म्हणून हिंदी भयपटात कब्रस्तान आले. धुके, वाकडे झाड, फुटकी कबर, त्यातून वर येणारा हात. आपल्याला कब्रस्तान असे ठाऊक नसते. शब-ए-बरातच्या रात्री तिथे मुलांना बोटाला धरून नेतात. अगरबत्त्यांचा वास असतो, फातेहा पढतात, कबरीवर फुले घालतात, पाणी शिंपडतात. आजोबांशेजारी आजी, तिच्याशेजारी लहानपणी गेलेला काका, अशी ओळख करून दिली जाते. जिथे आपण सलाम करून आत जातो तिथे पडद्यावरचा नायक किंचाळत बाहेर येतो. रामसेंनी यात द्वेष पेरला असे म्हणता येणार नाही. त्यांना हॉलिवुड आणि ब्रिटिश ड्रॅक्युलापटांचा साचा हवा होता. पण एका समाजाची जिव्हाळ्याची जागा दुसऱ्या समाजाच्या मनात कायमची भीतीची जागा होऊन बसली, एवढी नोंद करायला हवी.

इस्लामी जगाने या साच्याचे काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. १९६७ साली लाहोरमध्ये 'ज़िंदा लाश' निघाला. ड्रॅक्युलाची कथा घेतली. पण मेलेल्याला जिवंत करणे हे अल्लाहचे काम, म्हणून तिथला ड्रॅक्युला हा अमरत्वाचे औषध शोधणारा शास्त्रज्ञ केला. दोष भुताचा नाही, माणसाच्या गर्वाचा. आणि २०१६ सालच्या बाबक अन्वरी यांच्या फार्सी 'अंडर द शॅडो'ने जिन्नला इराण-इराक युद्धातील तेहरानमध्ये आणले. इमारतीवर क्षेपणास्त्र पडते, वाऱ्याबरोबर जिन्न येतो, आई मुलीला उचलून रस्त्यावर धावते. आणि डोक्यावर चादर नाही म्हणून पकडली जाते. घरात जिन्न आणि बाहेर हुकूमत. कोणाला जास्त भ्यायचे, हा प्रश्न दिग्दर्शक प्रेक्षकावर सोडतो. शंभर भाषणांत जे सांगता आले नसते ते भयपटाने सांगितले.

हाजरी आणि तिकीट

आता सुधारकांचा आक्षेप. तो टाळण्यासारखा नाही, कारण त्याच्यामागे प्रेते आहेत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खाजगी मनोरुग्ण निवासाला आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. २८ जण गेले. त्यांना पळता आले नाही, कारण त्यांच्या दुखण्याला बाधा म्हटले गेले होते. आपल्याकडेही दर्ग्यांवर हाजरी भरते. केस मोकळे सोडून घुमणाऱ्या बाया, जाळीला बांधलेली पोरे आपण पाहिलेली आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला बांधणे, मारणे, चटके देणे हा या कायद्याने गुन्हा ठरवला. भुताची गोष्ट सांगणे हा गुन्हा ठरवलेला नाही. हा भेद फार महत्त्वाचा आहे.

हाजरीत आणि भयपटात भीती एकच दिसते. पण तिची मालकी वेगळी आहे. चित्रपटाला माणूस आपल्या मर्जीने जातो, तिकीट काढतो, किती वेळ घाबरायचे ते आधीच ठरलेले असते. शेजारचा ओरडला की आपण हसतो. पुढच्या रांगेतून कोणीतरी सामरीला दोन शब्द सुनावतो आणि सारे थिएटर मोकळे होते. दिवे लागतात, दार उघडते. हाजरीत दार उघडत नाही. तिथली भीती बांधलेल्या बाईच्या मालकीची नसते. बांधणाऱ्याच्या मालकीची असते. भयकथा भीती हातात घेऊन उलटसुलट करून बघायला देते. बुवा-बाबा तीच भीती आपल्या ताब्यात ठेवून तिच्यावर पोट भरतो. म्हणून भुताच्या गोष्टीवर प्रेम करणारा माणूस अंधश्रद्धेचा विरोधक असू शकतो. किंबहुना त्याला ते अधिक चांगले जमायला हवे, कारण भीती कशी रचली जाते हे त्याला ठाऊक असते.

कोणत्याही भयकथेत काहीतरी पुरलेले असते, हे आता मराठी मातीतील नव्या चित्रपटांनीही दाखवले. धारपांच्या कथेपासून प्रेरणा घेतलेला 'तुंबाड' (२०१८) १९१८ मध्ये सुरू होऊन १९४७ मध्ये संपतो. वाड्याच्या पोटात लोभाचा हस्तर, आणि बाहेर संस्थानी सरकार जाऊन नवे सरकार आलेले. २०२४ साली तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा मोठी गर्दी झाली. त्याच वर्षीच्या 'मुंज्या'ने एंथोवेनच्या यादीतील पिंपळावरच्या पोराला देशभर नेले. समंध आणि मुंजा पडद्यावर आले. हडळ तर कधीची आलेली आहे.

खवीस अजून आलेला नाही. त्याची गोष्ट कोणी लिहायची? दुसऱ्या कोणी लिहिली तर तो फक्त दुष्ट होईल, ही धास्ती आजच्या हवेत खोटी नाही. ती आपणच लिहायला हवी. गावच्या लोहाराची, बागवानाची, समुद्रावर गेलेल्या खलाशाची. ज्याला त्याच्या धर्माने भूत होऊ दिले नाही आणि गावाने झाल्याशिवाय सोडले नाही, त्याची. काय राहिले होते त्याचे गावाकडे? कोणता हिशेब, कोणता शब्द, कोणते झाड? मुस्लिम मराठी लेखकांनी दंगल लिहिली, तलाक लिहिला, गरिबी लिहिली. ते लिहिणे आवश्यकच होते. आता एखाद्याने दिवा बारीक करून खविसाची गोष्ट सांगावी. ऐकणारा आधी घाबरेल, मग हसेल, आणि घरी जाताना वेशीवरच्या झाडाकडे पाहून त्याला आठवेल, की इथे कधीकाळी आपला एक शेजारी राहत होता.